माझं दहा महिन्यांचं वर्ष

मी गाळा नंबर सात बोलतोय. शटर अर्धवटच वर आहे, म्हणून आवाज जरा घुमतो, सांभाळून घ्या. सिल्वासाहून खानवेलकडे निघालात की कारखान्यांच्या शेडा सुरू होतात, तिथे एक पिवळी, बसकी ओळ दिसेल. अकरा गाळे. डावीकडून सातवा मी.

माझा जन्म १९९० चा. त्या काळात इथल्या कारखान्यांना करमाफी होती, त्यामुळे शेडांवर शेडा उठत होत्या. काल गवत, आज भोंगा. मीही तीन महिन्यांत उभा राहिलो. गिलावा ओला होता तेव्हाच माझी किंमत ठरली: एक लाख तीस हजार. किंमत म्हणजे विटा, सिमेंट, शटर आणि वर पप्पूभाईची जीभ, एवढंच मला ठाऊक होतं.

पप्पूभाई हा बिल्डरचा माणूस, गाळे विकणारा. एका रविवारी तो रमाकांत मास्तरांना घेऊन आला. मास्तर मूळचे रत्नागिरीकडचे. इथल्या सरकारी शाळेत तीस वर्षं गणित शिकवून नुकतेच निवृत्त झालेले, डोकमर्डीला भाड्याने राहणारे. फंड मिळाला होता एक लाख तीस हजार. आकडे असे जुळले हा योगायोग नव्हता. पप्पूभाई चौकशी करूनच भाव सांगायचा.

त्या दिवशी रस्त्यावर मुंगीला शिरायला वाट नव्हती.

"जुओ मास्तरसाहेब, पब्लिक जुओ," पप्पूभाई रस्त्यावरच्या गर्दीकडे हात करत म्हणाला. "महिन्याला अठराशे भाडं, डोळे मिटून."

मास्तरांनी मनात गुणाकार केला. वर्षाला एकवीस हजार सहाशे. पोस्टातली विकासपत्रं पाच वर्षांत दुप्पट व्हायची, म्हणजे वर्षाला साधारण शेकडा साडेचौदा. तेवढ्या फंडावर एकोणीस हजारांच्या आत. गाळा पुढे. गणिताच्या मास्तरांना आणखी काय हवं? त्यांच्या पत्नी रजनीबाईंनी तर गणपती कुठल्या कोपऱ्यात बसवायचा तेही ठरवून टाकलं.

मागे त्यांची सून उभी होती. धनश्री. लग्नाला चार महिने झालेले. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. गाळा बघायला येऊन रस्ता बघणारी ती पहिलीच.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन एकटी आली. माझ्या पायरीशी भिमाबाई बसायची, खानवेलहून बसने भाजी आणायची. तिच्या शेजारी बसून धनश्री वाल सोलू लागली. समोरच्या दुकानात कुणी खरोखर पैसे काढले की एक दाणा उजवीकडच्या ढिगातून डावीकडच्या पिशवीत. नुसतं डोकावणाऱ्याचा दाणा नाही.

"भाजी घ्यायला येतेस की माणसं मोजायला?" भिमाबाईनं चौथ्या दिवशी विचारलं.

"दोन्ही."

"मोज बाई. मीपण तुला मोजते. पाव किलोच्या वर कधी घेत नाहीस."

महिनाभर ती रोज येत होती. ओळीतले पहिले पाच गाळे माझ्या दोन वर्षं आधीचे; त्यातल्या चौथ्यात जयवंत शिंपी असायचा. एकदा ब्लाऊज टाकायच्या निमित्ताने तिनं त्याला भाडं विचारलं.

"बाराशे."

"अठराशे नाही?"

"माझ्या आधीचा देत होता," जयवंत सुई ओवत म्हणाला. "म्हणून तर पळाला. मग दोन महिने कुलूप होतं."

मग इसार द्यायचा दिवस आला. माझ्या उंबऱ्याशी सगळे जमले. मास्तरांच्या हातात पाकीट, पप्पूभाईच्या हातात नारळ. धनश्री पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आता ही बोलली नाही तर म्हातारपणाची पुंजी जाते, आणि बोलली तर घरात हिची जागा जाते, एवढं मलाही कळत होतं.

"नाना, एक विचारू?"

"अगं, नारळ फुटू दे आधी," रजनीबाई म्हणाल्या.

"फुटल्यावर विचारून काय उपयोग, आई?"

मास्तरांनी मान हलवली. मग ती बोलली, जमिनीकडे बघत, पण न अडखळता.

"आपण आलो तो रविवार पगाराच्या दुसऱ्या दिवसाचा होता. कारखान्यांचा पगार दहा तारखेला होतो. माझे वडील धुळ्याच्या मिलमध्ये टाइमकीपर होते, आमच्याही घरी महिन्याचा बाजार पगारानंतरच व्हायचा. या अकरा तारखेला समोर दोनशे चौदा गिऱ्हाइकं होती. त्याआधीच्या बावीसला एकतीस."

मास्तरांचा महिना तीस वर्षं एक तारखेलाच सुरू झाला होता. दुसऱ्या कुणाचा दहाला सुरू होत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"भाडं बाराशे धरा. आणि वर्षाचे महिने दहाच. दोन महिने भाडेकरू बदलण्यात जातात. कर, डागडुजीचे हजार काढले की उरले अकरा हजार. पोस्टातून वर्षाला अकरा हजार यायला किती ठेवावे लागतील, नाना?"

"शहात्तर हजार," मास्तर लगेच म्हणाले, सवय.

"जागेचा भाव चढेल म्हणून वर थोडे घाला. पण करमाफी संपल्यावर शेडवाले राहतात की जातात, कोण सांगणार? आपण भिंती घेत नाही आहोत. पुढे येणारं भाडं घेतो आहोत. आणि पाच वर्षांनी येणारे शंभर रुपये आजचे पन्नासच."

खरं सांगतो, माझ्या अंगातला ओलावा त्या क्षणी सुकला. मी स्वतःला विटा समजत होतो. या पोरीला माझ्यात अजून न उगवलेले महिने दिसत होते. कुठला भरलेला, कुठला रिकामा. ते सगळे तिनं आजच्या उजेडात आणून ठेवले होते, आणि त्यासाठी तिला वालाचे दाणे पुरले. एवढ्या मोठ्या गोष्टीत मी उभा आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आकाशाकडे बघतात तसं मी तिच्याकडे बघत होतो. तिनं माझी किंमत कमी केली होती, तरीही.

मास्तरांनी बोटांवर पुन्हा एकदा हिशेब केला. मग म्हणाले, "हे तर चक्रवाढ व्याज, उलटं. आम्ही जन्मभर सुलटंच शिकवलं." आणि पाकीट खिशात ठेवलं. "पप्पूभाई, पंच्याऐंशी."

"बहू तो सीए निकळी," म्हणत पप्पूभाई नारळासकट निघून गेला. रजनीबाई घरी जाईपर्यंत बोलल्या नाहीत असं ऐकलं. पोचल्यावर मात्र भरपूर बोलल्या.

पण ओळीतले सहा गाळे अजून पडून होते. आठव्या दिवशी पप्पूभाई परत आला आणि नव्वद हजारांना सौदा झाला. उरलेले चाळीस पोस्टात गेले. या वेळी रजनीबाईंनी पाकीट धनश्रीच्या हातात दिलं. "तूच दे. मोजून दे," म्हणाल्या. टोमणा होता की मान, मी अजून ठरवतोय.

आता १९९८ चालू आहे. माझ्यात आधी सायकलचं दुकान होतं, मग पीसीओ. समोरच्या शेडची करमाफी संपली आणि यंत्रं ट्रकमध्ये बसून गेली. कामगारही गेले. मी चार महिने रिकामा आहे. आठ आणि नऊ नंबरवालेही तसेच. त्यांचे मालक पूर्ण भाव देऊन बसलेत. येतात, कुलूप हलवून बघतात, आमच्या ओळीला शिव्या देऊन जातात.

गाळा घ्यायला निघालेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आम्ही रिकामे राहणार, तो आमचा स्वभाव आहे. तो धरून पैसे द्या, मग आम्ही कुणाला बुडवत नाही.

मास्तर रोज दुपारी येतात. शटर कमरेइतकं वर करतात, खुर्ची आत ओढतात, पेपर तोंडावर घेऊन झोपतात. रिकाम्या गाळ्यात घोरणारा मालक या रस्त्यावर दुसरा नाही.