वरचा कागद आणि काकांचा पाय

शनिवारी सकाळी अकरा वाजता मनोहरकाका आमच्या बेडरूमचं छत फोडून खाली आले. असं काहीही झालेलं नाही. माझी बायको नेत्रा डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांतून किराणा घेऊन परत येईपर्यंत तरी माझं म्हणणं हेच. तेव्हा आपण गुरुवारपासून सुरू करू.

गुरुवारी काका नेपरव्हिलच्या आमच्या घरात दोन स्वेटर घालून बसले होते. काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. नागपूरला पीडब्ल्यूडीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, व्हिसा सहा महिन्यांचा, उजवा गुडघा नवा. २००५चा नोव्हेंबर होता आणि थंडी वरून उतरत होती, कारण ॲटिकमध्ये, म्हणजे छतावरच्या माळ्यात, थंडी अडवणारं इन्सुलेशन नावापुरतंच होतं. मशीनने फवारायचं इन्सुलेशन दोन प्रकारचं मिळत होतं. एक फायबरग्लास. दुसरं सेल्युलोज, म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा, पेटू नये म्हणून औषध मारलेला.

"काच?" काका म्हणाले. "डोक्यावर काच घेऊन झोपू मी?"

"कापसासारखी असते हो."

"खाजते की नाही?"

"खाजते."

"मग कागद घे. कागद सात्त्विक."

नेत्राने एकच अट घातली. "शंतनू, काकांना वर चढू द्यायचं नाही. त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये गुडघा बसत नाही."

शनिवारी ती किराण्याला गेली. भाड्याचं मशीन ड्राइव्हवेत उभं राहिलं. त्याला दोन माणसं लागतात: खाली भुग्याच्या बॅगा ओतायला एक, वर पाइप धरायला एक. बॅगा जड, आणि काकांना जड उचलायला डॉक्टरांनी मनाई केलेली. म्हणून काका वर गेले. सगळा विचार करूनच मी हे ठरवलं.

"फक्त तुळयांवर पाय ठेवा. मधे नुसता अर्ध्या इंचाचा प्लास्टरचा बोर्ड आहे, त्याखाली थेट बेडरूम."

"मला सांगतोस? पीडब्ल्यूडीत होतो मी."

"क्लार्क होतात."

"पण पीडब्ल्यूडीत."

कागद भरत जातो तसतशा तुळया दिसेनाशा होतात. हे मला माहीत होतं. कागदाला पाय लागला की काका वाकून नमस्कार करतात, हेही माहीत होतं. विमानतळावर कस्टम्सच्या फॉर्मला लागला, तेव्हा त्यांनी फॉर्मला नमस्कार केला होता आणि मग अधिकाऱ्याने आमच्या बॅगा तासभर उपसल्या होत्या. या दोन गोष्टी फक्त एकत्र माहीत नव्हत्या.

सातव्या बॅगेला वरून हाक आली. "शंतनू! यावर अक्षरं आहेत रे!"

मी मशीन बंद करून बेडरूममध्ये धावलो. डोक्यावर पाऊल वाजलं. मग शांतता, काका वाकले असणार. पुन्हा पाऊल. पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब. मग छतातून एक पाय आला. मांडीपर्यंत. पायमोजा माझाच होता.

"काका! लागलं का?"

"नाही."

"दुसरा पाय?"

"तुळईवर. एकाच."

"मग हा हळूच वर ओढा."

"आणि ठेवू कुठे? चहूकडे सरस्वती आहे."

"काका, प्लीज, ठेवा कुठेही!"

"हातात एक तुकडा आलाय," काका शांतपणे म्हणाले. "'सर्व्हाइव्ह्ड बाय' म्हणजे काय रे?"

"म्हणजे... पश्चात. पश्चात पत्नी, मुलं वगैरे."

"पुढे फाटलंय. कोण उरलं ते कळत नाही."

छताची भेग पंख्यापर्यंत पोचली होती. पंखा किंचित कलला. खाली गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला.

"नेत्रा आली," मी म्हणालो.

"ऐकलं मी. कागद घे. लिही," काका म्हणाले. मी लिहिलं:

प्रति, मा. उत्पादक, सेल्युलोज विभाग. विषय: पाय लागल्याबाबत. महोदय, अर्जदाराचा एक पाय आपल्या मालातून खाली गेला असून, तो परत ठेवण्यास अक्षरविरहित जागा उपलब्ध नाही. तरी सदर कागदावर छापलेली सर्व अक्षरे आपण तातडीने परत घ्यावीत, आणि तोवर सदर छताने आहे त्याच स्थितीत राहावे, ही नम्र विनंती.