फ्लॅश बंद होता

मंगळवार, दुपारचे सव्वातीन. तिसरा मजला, गेम तपासायची खोली. पडदे ओढलेले, दार आतून लोटलेलं. स्क्रीनसमोरच्या खुर्चीतून एक बाई खाली कोसळली.

मी तेव्हा तिच्या हातात होतो. मी गेमचा कंट्रोलर बोलतोय. कुणी मला रिमोट म्हणतं, कुणी जॉयस्टिक. मानापमान काढत बसायची ही वेळ नव्हे. मी घाबरलोय, आणि गप्प राहिलो तर आणखी घाबरेन.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तोंडाला फडकं बांधलेल्या एका बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं, कानाशी हलवलं आणि "जा बाबा" म्हणून खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते थेट या कचेरीत. इथे गेम बनवतात, आणि विकण्याआधी पगारी माणसं बसवून खेळून घेतात. चूक सापडली की ती बनवणाऱ्यांना कळवायची, हे त्यांचं काम. माझ्या वाट्याला जी बाई आली तिला सगळे 'घार' म्हणत. भिंतीतली एक वीट वाकडी असली तरी तिला दिसायची.

मला डोळे नाहीत; जे कळतं ते हातांतून आणि कानावर पडतं त्यातून. गेममधला किल्ला मला तिच्या अंगठ्यांतून कळला. जुन्या धर्तीचा गेम: ठोकळ्यांची चित्रं, कर्कश बाजा, पायऱ्यांवर हाडं, कमानींना लटकलेली प्रेतं. खेळणाऱ्याला चार सोबती. फावडं घेतलेला थडगी खोदणारा, कंदीलवाली म्हातारी, दोरावरून चालणारी पोर आणि मुखवटा न काढणारा सरदार. माझ्या उजव्या खांद्यावरचं बटण दाबलं की एक जातो, दुसरा येतो. घाव बसला की मी थरथरतो. लोकांना वाटतं, त्यांना भीती वाटावी म्हणून मी थरथरतो. माझं मला विचारा.

सोबती बदलण्याच्या त्या क्षणी कुठलाही घाव लागत नाही, हे घारीने पहिल्याच आठवड्यात हेरलं. मग कड्यावरून पडताना ती ते बटण सटासट दाबत राहायची आणि भुतांच्या गर्दीतून सहीसलामत खाली उतरायची. चांगले खेळाडू हेच करणार. पण प्रत्येक बदलाला सगळी स्क्रीन पांढरीफेक चमकत असे. बनवणाऱ्यांनी एका चमकेची तपासणी केली होती. एक चमक निर्धोक ठरली आणि विषय मिटला. बटण माणूस एकदाच दाबतो असं समजणारे हे लोक कधी लिफ्टची वाट बघत उभे राहिले नसावेत.

"डोळ्यांमागे कुणीतरी खिळा ठोकतंय," घार एकदा मला टेबलावर ठेवून म्हणाली.

शेजारच्या खुर्चीवर दुसरा टेस्टर बसायचा. जेवणानंतर त्याची मान हमखास खाली यायची, म्हणून तो 'डुलकी'. तो म्हणाला, "चहा घे."

"चहाने खिळा निघतो का रे?"

ती साहेबांकडे गेली. कुठली चूक दुरुस्त करायची आणि कुठली तशीच ठेवायची, हे तेच ठरवत. साहेब स्वतः खोलीत आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून हसले. "अगं, जुन्या गेमचा बाजच तो आहे. लहानपणी आम्ही तासन्‌तास हेच खेळलो. काय झालं आम्हाला?"

"तेच विचारायला आले होते, सर."

डुलकीला ठसका लागला. साहेबांना हसू आलं नाही.

पण घार मागे हटली नाही. लहान मुलं हा गेम खेळणार आहेत, हे तिने ज्याला त्याला ऐकवलं. जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, बैठकीत. अखेर सेटिंग्जमध्ये एक ओळ आली: 'फ्लॅश'. पुढे दोन पर्याय, चालू आणि बंद. 'बंद' निवडलं की सोबती बदलताना स्क्रीन नुसती जराशी मंद होई. तिने तो पर्याय किल्ल्याच्या सगळ्या मजल्यांवर, सगळ्या सोबत्यांवर तपासला. त्या दिवसांत तिची बोटं माझ्यावर सैल पडायची. ती गुणगुणायची सुद्धा.

मग तो मंगळवार आला. गेम बाजारात जाण्याआधीची शेवटची फेरी, किल्ला दरवाजापासून शिखरापर्यंत एका बैठकीत. सकाळी अर्धा किल्ला सर झाला. फ्लॅश बंद, सगळं ठीक. दोघं जेवायला गेली. परत आली तेव्हा मशीनमध्ये नवं बिल्ड, म्हणजे गेमची ताजी प्रत, टाकलेलं होतं. इथली रीतच तशी. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी येऊन प्रत बदलून जातं; मला नुसती पावलं ऐकू येतात. कोण आलं, काय बदललं, कुणी विचारत नाही. रोज सकाळी ओटा कुणी पुसला हे घरात कोण विचारतं?

घार मात्र आधी सेटिंग्जमध्ये गेली. "बंद आहे ना? हो, बंद."

"तू घरचा गॅससुद्धा तीनदा बघत असशील," डुलकी म्हणाला.

"बघते. म्हणून तर घर जागेवर आहे."

ती खेळू लागली. शिखरावरचं शेवटचं दालन म्हणजे घंटाघर. वरून घंटा कोसळतात, खालून हात वर येतात, आणि मध्ये नुसती पोकळी. त्या पोकळीतच उडी मारावी लागते. घारीने उडी मारली आणि सवयीप्रमाणे माझ्या खांद्यावरचं बटण दाबत सुटली. फावडेवाला, म्हातारी, पोर, सरदार, पुन्हा फावडेवाला.

"अरे, हे तर चालू..."

एवढंच. तिचं बोट बटणावर दगडासारखं झालं. मला वाटलं खेळातला घाव बसला, पण थरथर माझी नव्हती. तिची होती. माझ्यापेक्षा जोराची. मग खुर्ची सरकली आणि ती मला घेऊनच खाली गेली.

डुलकीला आधी मस्करी वाटली. "ऊठ गं, इतकं पण वाईट नाही खेळलीस..." मग त्याने तिचा चेहरा पाहिला. "घार! ए घार! ताई!"

त्याने खुर्ची लाथेने दूर केली, तिला कुशीवर वळवलं. गेम चालूच होता. तो थांबवायला हवा हे कुणाच्या ध्यानात येणार? खाली पडलेल्या सोबत्याला ते हात फाडत होते. एक मेला की दुसरा आपोआप उभा राही, आणि तो उभा राहताना पुन्हा ती चमक. जमिनीवर आकडी आलेल्या बाईच्या अंगावर पुन्हा पुन्हा पांढरा उजेड पडत होता. डुलकीने ओरडत भिंतीतली वायर उपटली, तेव्हा कुठे काळोख झाला. इतका बरा काळोख मी कधी अनुभवला नव्हता.

घार वाचली. पण चमकणाऱ्या स्क्रीनसमोर तिने पुन्हा बसू नये, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे हे काम संपलं, आणि दुसरं तिला येत नाही. तिची पिशवी न्यायला धाकटी बहीण आली होती.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "दुखणं जुनं असणार. आम्हाला कल्पना नव्हती."

"तिला आयुष्यात कधी आकडी आली नव्हती. आणि ते फ्लॅश का काय, ते बंद होतं म्हणाली ती."

"त्या तांत्रिक गोष्टी आहेत, ताई. तुमच्या नाही लक्षात येणार."

"न यायला काय झालं? बटण बंद केल्यावरही दिवा जळत राहिला तर शेंबड्या पोरालाही कळतं."

साहेब फोनवर बोलू लागले. फोन वाजला नव्हता. एवढं मला ऐकू येतं.

चमक बंद केली तर शेवटच्या दालनाची शोभा जाते, म्हणून शिखरावर ती हवीच, असं त्याच आठवड्यात बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं. घारीचा विरोध सगळ्यांना ठाऊक होता. मी आरोप करत नाही. जे कानावर आलं, ते सांगतो.

गेम आता दुकानांत आहे. मला त्याच मशीनला पुन्हा जोडलंय आणि माझ्यावर आता डुलकीचे अंगठे आहेत. आता दुपारी त्याची मान खाली येत नाही. परवा, खोलीत कुणी नसताना, डोळे घट्ट मिटून तो घंटाघरात उतरला, त्याने मला आदळलं आणि शिवी हासडली. शिखरावरची चमक अजून तशीच आहे, हे तेवढ्यावरून मला कळलं.

तुमच्या घरी हा गेम असेल तर सेटिंग्जमधल्या त्या 'फ्लॅश'च्या ओळीवर विश्वास ठेवू नका. मुलांना खांद्यावरचं बटण सटासट दाबू देऊ नका. माझ्या जातभाईंना थरथरून सांगता येत असतं तर एव्हाना सगळ्या घरांत ओरड झाली असती.

मंगळवारी सकाळी 'बंद' म्हणजे बंद होतं. जेवणानंतर स्क्रीनवर अक्षरं 'बंद' अशीच होती, पण शिखरावर चमक चालू होती. मधल्या सुट्टीत त्या खोलीत येऊन ती प्रत कुणी बदलली, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.