खांद्याच्या दोन जागा

माझ्या अंगावर मध्याशी दोन गुळगुळीत जागा आहेत. पहिली नेमकी मध्यावर आहे, रुंद आणि उथळ. दुसरी बुंध्याकडच्या टोकाच्या बाजूला चार बोटे सरकलेली आहे. ती अरुंद आहे, पण जास्त खोल. दोन्ही जागी बांबूची वरची साल झिजून आतले तांबूस तंतू उघडे पडले आहेत. या दोन जागा एका माणसाच्या नाहीत. तरीही पुष्कळ वर्षे हे कुणाच्या लक्षात आले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी कावड आहे. खरे म्हणजे मी कावडीचा दांडा. दोन्ही टोकांना लटकणाऱ्या टोपल्या कितीतरी आल्या, फाटल्या आणि चुलीत गेल्या. दांडा तेवढा उरला, म्हणून घरातले लोक मलाच कावड म्हणतात.

जावा बेटावरच्या सुंबेरवुनी गावाखाली एक ओढा आहे. त्याच्या काठच्या बांबूच्या बेटात मी वाढले. जोयो नावाच्या तरुण शेतकऱ्याने कोरड्या दिवसांच्या अखेरीला मला तोडले. त्या दिवसांत बांबूमध्ये पिष्टाचा अंश सर्वांत कमी असतो, आणि बांबू पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला हवे असते ते पिष्टच. जे थोडे उरले होते तेही जावे म्हणून जोयोने मला ओढ्याच्या चिखलात दगडांखाली पुरून ठेवले. बाहेर काढले तेव्हा मला इतका वास येत होता की त्याची नवी बायको रासिना नाकाला पदर लावून म्हणाली, "हिला घरात आणलंत तर मी माहेरी जाईन."

"मग तुला पोचवायला सामान कशावरून नेऊ?" जोयो म्हणाला.

ती माहेरी गेली नाही. जोयोने मला उभे चिरले, कोयत्याने तासले, टोकांना खाचा पाडल्या आणि चुलीवर धुरात टांगले. धुराने मी कडक झाले, पण ताठ झाले नाही. कावडीने लवले पाहिजे. टोपल्या खालीवर हेलकावतात, आणि चालणाऱ्याचे पाऊल त्या हेलकाव्याशी जुळले की प्रत्येक पावलाला क्षणभर भार हलका होतो. जोयोला ही लय लवकर साधली. तो दोन्ही टोपल्यांत सारखे वजन भरी, म्हणून मी त्याच्या खांद्यावर नेमकी मध्यावर टेके. माझी पहिली जागा अशी झिजली.

जोयोची भाताची तीन खाचरे होती, डोंगरउतारावर एकाखाली एक. सर्वांत वरच्या खाचराच्या डोक्याशी झरा होता. त्याचे पाणी वरचे खाचर भरून मधल्यात उतरे आणि मधले भरून खालच्यात. वरच्या दोन्हींची माती चिकट आणि काळसर होती, खालचे जरा रेताड. या तिन्ही खाचरांतल्या भाताच्या जुड्या मी घरी आणल्या. पाहिंगच्या, म्हणजे दर पाच दिवसांनी भरणाऱ्या बाजाराला नारळ आणि कसाव्याचे कंद नेले. शेजाऱ्यांच्या लग्नांत नवरीकडचे सामान वाहिले. "जोयोची कावड म्हणजे सोन्याची," असे लोक म्हणत आणि मागून नेत. परत आणून देत, पण कधी कधी आठवण करावी लागे.

त्या दिवसांत मला थोडा अभिमानही होता, आणि त्याचे कारण गावाची एक जुनी रीत होती. बाप म्हातारा झाला की जमिनीचे वाटे पडत. मुलाला कावडीएवढे आणि मुलीला पाठीएवढे. पुरुष कावडीने दोन टोपल्या नेतो, बाई कापडाने पाठीला बांधून एक नेते. म्हणून मुलाचे दोन वाटे आणि मुलीचा एक. वाट्यांतली पहिली निवडही मुलाचीच. हे कुठे लिहिलेले नव्हते. पण भांडण निघाले की कुणीतरी भिंतीवरच्या कावडीकडे बोट दाखवी, आणि भांडण थांबे. मी नुसती वस्तू नव्हते, मी माप होते.

जोयोला दोन मुले झाली. थोरली मुलगी लेगिनेम आणि तिच्याहून बराच धाकटा मुलगा सुपार्दी.

सुपार्दी शाळेत असतानाच जोयो माडावरून पडला. तो वाचला, पण त्याचे कंबरेचे हाड वाकडे जुळले. त्यानंतर तो काठीने चाले. त्या हंगामात भात कापून बांधावर पडले होते आणि आभाळ भरून आले होते. लेगिनेमचा नवरा रबराच्या मळ्यावर मजुरीला म्हणून गेला होता, तो तिकडचाच झाला होता. सकाळी ती भिंतीशी आली, तिने मला उतरवले आणि खाचरांकडे निघाली.

ती बुटकी होती. डोंगराच्या पायऱ्या चढताना पुढची टोपली वरच्या पायरीला आपटे. दोन दिवस तिने हे सोसले. तिसऱ्या दिवशी तिने पुढच्या टोपलीतले वजन कमी केले, मागच्या टोपलीत वाढवले आणि मला चार बोटे पुढे सरकवून खांद्यावर घेतले. आता माझे पुढचे टोक उचललेले राही आणि टोपली पायरीवरून अलगद जाई. तराजूचा काटा सरकवावा तसेच ते होते. माझी दुसरी जागा त्या दिवसापासून झिजू लागली.

वाटेवर बू तुमीची कॉफीची टपरी होती. तिथे बसलेल्यांना करमणूक मिळाली.

"अगं लेगिनेम," बू तुमी म्हणाली, "खांद्याला घट्टे पडले तर दुसरा नवरा मिळायचा नाही हं!"

"खांदा मऊ होता तेव्हा पहिला तरी कुठे राहिला? कॉफी दे. साखर हात आखडून टाकू नकोस."

"पोरी, कावडीला मिशी लागते," बाकावरचा एक म्हातारा म्हणाला.

"मग तुमची द्या ना काढून, काका. तशीही ती कॉफीत बुडवण्यापलीकडे काही करत नाही."

सगळे हसले, म्हातारा सर्वांत मोठ्याने. पुढच्या हंगामात कुणी काही म्हणाले नाही. त्यापुढच्या हंगामात कुणी पाहिलेही नाही. लोकांना सवय झाली, आणि सवय झाली की माणसाला दिसत नाही, हे मी तेव्हा शिकले.

सुपार्दी शहरात गेला आणि दुसऱ्याची मिनीबस चालवू लागला. तो वाईट मुलगा नव्हता. रोज्यांच्या महिन्यानंतरच्या ईदला तो न चुकता येई, बापाच्या गुडघ्यांवर डोके टेकवून क्षमा मागे, आणि बहिणीसाठी कापड आणी. बायको आणि लेकीसह तो भाड्याच्या एका खोलीत राहत होता. पाऊस आला की त्या खोलीत गटाराचे पाणी शिरे. त्याला घर हवे होते, आणि ती गरज खरी होती.

याच सुमारास गावाबाहेर दार्मिनची वीटभट्टी उभी राहिली. विटांना चिकट माती लागते. दार्मिनने वरची दोन खाचरे पाहिली, माती चिमटीत घेऊन मळली आणि सुपार्दीला शहरात जाऊन गाठून मातीचे पैसे देऊ केले. वाटणी झाली की वरची दोन खाचरे सुपार्दीची होणार, हे गावातल्या पोरांनाही ठाऊक होते. दार्मिन त्यांतली माती कंबरभर खोल खणणार होता. मग झऱ्याचे पाणी त्या खड्ड्यांत साचले असते आणि खालच्या रेताड खाचरात थेंबही उतरला नसता. लेगिनेमच्या वाट्याला येणार होते ते खालचेच.

हे सगळ्यांना कळत होते आणि कुणी बोलत नव्हते. मित्रांनो, या गावात कुणाकडे तोंडावर काही मागणे हे उघड्या अंगाने दारात उभे राहण्यासारखे समजतात. बापाला तर विचारतच नाहीत. वाट पाहतात.

जोयोही वाट पाहत होता. पहिल्या वर्षी तो म्हणाला, "भात घरात येऊ दे." मग म्हणाला, "रोजे संपू देत." मग रासिना वारली, आणि तो म्हणाला, "तिचा हजारावा दिवस होऊ दे." मृताच्या नावाने त्या दिवशी शेवटचे जेवण असते. त्याच्यापुढे ढकलायला काही उरत नाही.

दरम्यान माझे दिवस पालटले. डोंगरावर रस्ता आला आणि भाताची पोती मोटारसायकलवरून जाऊ लागली. मला अंगणात दोन खुंट्यांवर आडवे टाकले. प्रथम माझ्यावर कपडे वाळत, नंतर कोंबड्या बसू लागल्या. तक्रार म्हणून सांगत नाही. घडले ते असे.

अंगणातच विहीर होती, म्हणून मला बोलणी ऐकू येत. हजाराव्या दिवसाआधीच्या शेवटच्या ईदला बहीण पाणी शेंदत होती आणि भाऊ तोंड धूत होता. थोरल्या बहिणीला तिथे 'यू' म्हणतात.

"यू, पाक काही बोलले का?" बापाला ते दोघे 'पाक' म्हणत.

"कशाबद्दल?"

"असंच."

"असंच काही नाही बोलले."

सुपार्दीने तोंडावर आणखी एकदा पाणी मारले. ते धुऊन झाले होते.

"तू तरी एकदा माझ्याकडे मागून टाक ना. मला कळेल तरी, तुझ्या मनात काय आहे ते."

"मागू? तू काय दुकान मांडलंयस?"

"चेष्टा नको गं. दार्मिन दर आठवड्याला स्टँडवर येऊन मला चहा पाजतो. मी त्याला काय सांगू?"

"चहा पी. पचेल तेवढाच पी." तिने घागर उचलली. दोन पावले जाऊन ती थांबली. "पोरीला खोकला अजून आहे का रे?"

"आहे. ओल आहे ना खोलीत."

ती घागर घेऊन आत गेली.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे माझ्यासारख्या सगळ्याच तुम्हांला सांगतात, मित्रांनो. माझे मागणे त्याहून लहान आहे. एखादी वस्तू टाकून देण्यापूर्वी तिच्यावरून एकदा हात फिरवा. ती कुठे झिजली आहे ते पाहा, आणि तिथेच का झिजली ते स्वतःला विचारा. कुणीतरी तिथे रोज हात किंवा खांदा लावलेला असतो. त्याचे नाव तुम्हांला ठाऊक असेल तर ते घ्या. एवढीच काळजी मला पुरे आहे.

रासिनाचा हजारावा दिवस आला. सायंकाळी शेजारचे पुरुष चटईवर गोल बसले. मध्ये भाताची उंच मूद, भोवती कोंबडी आणि केळीच्या पानातला टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. बायका रिवाजाप्रमाणे स्वयंपाकघरात होत्या. दार्मिनला बोलावणे होते, तोही आला होता. गावचे मोदिन, म्हणजे मशिदीचे काम पाहणारे म्हातारे गृहस्थ, दुआ पढले. सगळ्यांनी "आमीन" म्हटले. मग कुणी भाताला हात लावला नाही.

मोदिन खाकरले. "जोयो, रासिना आता पुरती गेली. मुलगाही आलेला आहे."

"पाऊस थांबल्यावर बघू," जोयो म्हणाला.

"पाऊस पडतच नाहीये, जोयो."

कुणीतरी हसू दाबले. जोयोच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू होते आणि तो कुणाकडेच नीट पाहत नसे, पण त्याने मान खाली घातली.

"यात अवघड काय आहे?" मोदिन समजुतीने म्हणाले. "रीत तुझ्या बापाला होती तीच तुला. मुलाला कावडीएवढं, मुलीला पाठीएवढं."

जोयोने मान वर केली. मग म्हणाला, "सुपार्दी, ती कावड आण बघू."

सुपार्दी अंगणात आला. त्याने माझ्यावरची कोंबडी हाकलली, मला सदऱ्याच्या बाहीने पुसले आणि आत नेऊन बापाच्या मांडीवर आडवे ठेवले. पुष्कळ वर्षांनी मी त्या घरात शिरले होते.

जोयोने माझे एक टोक चाचपले, मग दुसरे. बुंध्याकडचे कोणते ते त्याला लगेच कळले. त्याचा अंगठा मध्याशी आला आणि पहिल्या जागेत बसला.

"ही माझी," तो म्हणाला.

मग अंगठा पुढे सरकला. एक बोट, दोन बोटे, चार. तो दुसऱ्या जागेत उतरला आणि तिथे थांबला. जोयोने ती कड पुन्हा पुन्हा चाचपली, जसे आंधळा माणूस नाण्यावरचा छाप वाचतो.

"आणि ही?"

दार्मिन चटईची काडी मोडत होता. सुपार्दीने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. तो ड्रायव्हर होता, हात लागून लागून कशाची कड कशी झिजते हे त्यालाही समजत असणार. त्याला खोटे बोलावे लागले नसते. गप्प बसला असता तरी पुरले असते.

"माझी नाही, पाक," तो म्हणाला.

जोयोने स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड वळवले. दारात लेगिनेम उभी होती, हातात पळी घेऊन. पुरुषांच्या चटईवर बायकांनी बोलण्याची पद्धत नव्हती.

"लेगिनेम, ही कुणाची आहे?"

आत एक भांडे कुणीतरी खाली ठेवले. तिने पळी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

"माझी," ती म्हणाली.

"पण जोयो, रीत..." मोदिनांनी सुरुवात केली.

"रीत मी मोडत नाही." जोयोचा अंगठा अजून माझ्या दुसऱ्या जागेतच होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "कावडीचे दोन वाटे, पाठीचा एक. वरची दोन खाचरं लेगिनेमची. खालचं सुपार्दीचं."