करंगळीएवढी जागा

नेऱ्याच्या आमच्या शेतघरावर एक नियम आहे, आणि तो मोडायची सूट मी माझ्या नवऱ्यालासुद्धा देत नाही. नेम मारून झाले की बंदूक टेबलावर आणायची, नळीचं तोंड वाळूच्या पेटीत टेकवायचं, लिव्हर, म्हणजे चापाभोवतीची दांडी, उघडी ठेवायची. मग टेबलाशी बसलेल्या माणसाने उघडलेल्या फटीत करंगळी घालून बघायचं आणि मोठ्याने ओरडायचं, "खाली!" खाली म्हणजे रिकामी. नुसतं डोळ्यांनी बघितलेलं चालत नाही. नियम घातला माझ्या सासऱ्यांनी, तुळशीराम आबांनी. टेबलाशी बसते मी.

खेळ म्हणजे काऊबॉयचा. हसा खुशाल, सगळेच हसतात. डोक्यावर मोठ्या टोप्या, समोर दहा लोखंडी थाळ्या, आणि हातात गॅसवर छर्रे मारणारी लिव्हरची बंदूक. दर छऱ्याला लिव्हर खाली ढकलून परत वर ओढायची, म्हणजे जुनं पितळी नळकांडं बाहेर उडतं आणि छर्रा भरलेलं नवं आत बसतं. जो आधी थाळ्या वाजवेल तो जिंकला.

माझा नवरा धनेश आमच्यात सगळ्यांत चपळ. रोडपालीला बाईकवरून पडेपर्यंत तरी होता. मनगटात प्लेट बसली आणि लिव्हर ढकलताना बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. तेव्हापासून करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर तोंड पाडून बसलेला. मला ते बघवत नव्हतं, खरं सांगते. त्यात एक दिवस म्हणाला, "या मॅचला जमलं नाही तर बंदूक निकेशला देऊन टाकतो." निकेश म्हणजे त्याचा चुलतभाऊ. मी म्हटलं, देऊन तर बघ!

मग मीच हुडकून दोन किट मागवली. बंदुकीच्या आतल्या कड्या बदलल्या की लिव्हर कमी ढकलावी लागते. एक किट मधलं, त्याने निम्मी मेहनत वाचते. दुसरं आखूड, नुसती बोटं हलवली की झालं. मॅचच्या आदल्या रविवारी दोन्ही लावून बघायची ठरली.

आधी मधलं लावलं. तिसऱ्या थाळीलाच धनेशने ओठ चावला. कशाबशा दहा वाजवल्या आणि मनगट पोटाशी धरून उभा राहिला. 

मग आखूड लावलं. अगं बाई! थाळ्या अशा वाजल्या की आबा खुर्चीतून उठलेच. धनेश लहान पोरासारखा हसत होता. इतक्या महिन्यांनी मी ते हसू बघितलं आणि माझा ऊर भरून आला. शेवटची थाळी तेवढी वाजली नाही. हुकली असेल, असं सगळ्यांनी धरलं.

बंदूक टेबलावर आली. नळी वाळूत, लिव्हर उघडी. मी करंगळी पुढे केली, पण ती जाईना. फटच केवढीशी! चिंचोका जेमतेम शिरला असता.

"वहिनी, रिकामंच दिसतंय की," निकेश म्हणाला. "ओरडा ना."

"बोट जात नाही."

"अगं, लिव्हरच कमी उघडते, तर फट कमीच असणार ना!" धनेश म्हणाला. त्याचं हसू अजून गेलं नव्हतं. "ओरड, भाविका. एवढं माझ्यासाठी कर."

ओरडावंसं मला किती वाटलं, ते माझं मला ठाऊक. एका शब्दाने माझा माणूस मला परत मिळत होता. मी आबांकडे बघितलं.  त्यांनी माझ्यावरच सोडलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "अहो, बोट जात नाही तर मी खाली म्हणणार नाही."

"माझं चांगलं झालेलं बघवत नाही का तुला?"

असं म्हणाला तो, मला! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने खाडकन लिव्हर मिटली आणि बंदूक वाळूतून उचलली. "हे बघ, चाप ओढून दाखवतो. रिकामी आहे!"

आणि समोरून आमची रेवा कोकम सरबताचा पेला सांभाळत येत होती. "बाबा पहिला! बाबा पहिला!"

"धनेश!"

आबांसमोर मी कधी त्याचं नाव घेत नाही. मी नळी दोन्ही हातांनी धरली आणि जीव खाऊन वाळूत दाबली. फाट्! वाळू उडून आमच्या दोघांच्या तोंडावर आली.

रेवा जागीच थांबली होती. पेल्यातलं सरबत सांडलं नव्हतं.

"नळकांडा आतच व्हता," आबा हळू म्हणाले. शेवटची थाळी हुकलीच नव्हती. घाईत लिव्हर पुरती गेली नाही, आणि तो छर्रा सुटलाच नव्हता. टेबलावर लिव्हर उघडली, पण ती इतकी कमी उघडली की भरलेलं नळकांडं बाहेर पडलंच नाही.

 रेवाला जवळ घ्यायला धनेशने हात पुढे केला आणि मागे घेतला. मी रडत होते, आणि रडता रडता त्याला शिव्याही घालत होते.  संध्याकाळी त्याने स्वतःच आखूड किट काढलं आणि मधलं बसवलं.

मॅचला तो उभा राहिला. दर थाळीला थांबत होता, दात आवळत होता. सगळ्यांत शेवटचा आला. निकेशनेसुद्धा चेष्टा केली नाही. टेबलाशी येऊन त्याने नळी वाळूत टेकवली, लिव्हर उघडली. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

माझी करंगळी आत गेली.

"खाली!" मी ओरडले.

तो हलला नाही. मागे आबांच्या मांडीवर रेवा बसली होती, तिच्याकडे त्याने एकदा बघितलं.

"परत एकदा बघ," तो म्हणाला.

मी परत बोट घातलं.