हसायला आलेली माणसं

हसणाऱ्या माणसाचे खांदे आधी हलतात, आवाज नंतर येतो. मधलं अंतर अगदी थोडं असतं, पण तुम्ही शेवटच्या रांगेत बसला असाल आणि समोर पडद्याचा उजेड असेल, तर ते दिसतं. काळी डोकी स्थिर असतात, त्यांच्याखालचे खांदे दोनतीनदा वर उचलले जातात आणि मग सभागृहभर हसू पसरतं.

जळगावच्या त्या भाड्याच्या सभागृहात मी पडदा सोडून खांदेच बघत बसले होते, कारण पडद्यावर माझे वडील होते.

आबा काही नट नाहीत. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात ते कपाशी करतात, घरी एकटेच असतात. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. मी जळगावला, मेहरूणमध्ये राहते आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शेजारच्या गावचा कुंदन मोबाइलवर अहिराणी विनोदाचे व्हिडिओ टाकायचा. त्यातला लोटन हा नट सगळ्या खान्देशात माहीत झालेला. कुंदनला पहिला मोठा पिक्चर करायचा होता. शूटिंग आमच्या मळ्यात होतं. म्हाताऱ्या शेतकऱ्याचं काम करणारा माणूस आलाच नाही, तेव्हा कुंदनने चहा घेऊन येणाऱ्या आबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आबा, तुम्हीच बसा ताटावर."

समोर दुसरं ताट मांडणारी बाई होती कुंदनची मावशी, रत्नाबाई. धुळ्याच्या. एसटीत कंडक्टर होत्या, आता निवृत्त. यजमान नाहीत, मुलगा नाशिकला.

शूटिंग संपलं, पण आबांच्या धुळ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. विचारलं तर म्हणायचे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच जळगावला करून आणलं होतं, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही. जळगावचा खेळ ठरला तेव्हा त्यांनी फोन केला. "पिक्चर झाल्यावर तुझ्याशी बोलायचंय," म्हणाले. मग जरा थांबून, "लोक हसतील का गं?"

मी म्हटलं, "नाही हसणार." ते पिक्चरबद्दल विचारत नाहीत हे मला कळलं होतं.

सभागृहाबाहेर फलक होता: खान्देशी हास्याचा महापूर. खेळाआधी एका निवेदकाने माइक घेऊन पोट सांभाळून बसायला सांगितलं, लोटनच्या दोन जुन्या नकला केल्या. पिक्चरच्या सुरुवातीला लोटनचाच प्रसंग होता. म्हैस, दोर आणि लोटन. लोक हसून हसून पुढच्या खुर्च्यांवर डोकं टेकत होते.

मग आबांचा प्रसंग आला. झोपडीसारखं घर, कंदील, ताटात भाकरी. आबा एक घास घेतात आणि कुणाकडेही न बघता म्हणतात, "एकला मानूसनं जेवन लवकर व्हई जास." एकट्या माणसाचं जेवण लवकर उरकतं, एवढंच.

खांदे हलले. आधी मधल्या रांगेत, मग डावीकडे, मग सगळीकडे. रत्नाबाई दुसरं ताट आणून मांडतात, तेव्हा तर कुणीतरी शिटी मारली. आबांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण, शेवंताबाई, बसली होती. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. आमच्या घरात अक्काच्या शब्दापुढे कुणी जात नाही, आबा तर नाहीतच. अक्काने पदर तोंडात धरला होता आणि दुसऱ्या हाताने ती आबांच्या मांडीवर थापट्या मारत होती. "दख रे पितांबर, कसा दिखस तू," असं ती म्हणाली आणि पुन्हा हसली. आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. उजेड होईपर्यंत परत घातली नाही.

रिक्षात ते म्हणाले, "लोकांना आवडला पिक्चर."

"बोलायचं होतं ना काहीतरी?"

"काही विशेष नाही. कपाशीचं होतं."

सकाळी पहिल्या गाडीने गेले. त्यानंतर डोळ्यांचा डॉक्टर बंद झाला.

पाऊस सरत आला तेव्हा रत्नाबाईंचा मला फोन आला. आवाज खणखणीत, मागे प्रेशर कुकरची शिट्टी. "ज्योत्स्ना, तुझ्या आबांचे डोळे एकदम बरेच झाले का गं?"

मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "त्यांनीच विचारलं होतं मला. मी हो म्हटलं. माझ्या मुलाला मी त्याच दिवशी सांगून टाकलं. तो म्हणाला, आई, तुझी मर्जी. यांचं फक्त अक्कांना सांगायचं राहिलंय. वर्ष होत आलं, ते राहिलंच आहे. आता तर फोनही उचलत नाहीत."

"मी सांगू का अक्काला?"

"नाही. तू सांगितलंस तर मी तुझ्या तिकिटावर आल्यासारखी होईन. ज्याचा प्रवास, त्याने मागावं. दिवाळीनंतर मी नाशिकला मुलाकडे जातेय. मग तिकडंच राहीन. एवढं कळव त्यांना. घाई नाही म्हणावं, पण गाडी सुटणार आहे."

मी आबांना कळवलं. ते म्हणाले, "सगळं सभागृह हसलं, ज्योत्स्ना. तू होतीस ना तिथं? पिक्चरमधलं होतं तरी हसले. खरं असतं तर?"

याचं उत्तर मला दोन दिवसांनी वर्गात मिळालं.

अकरावीच्या नव्या तुकडीला मी दरवर्षी एक गंमत करून दाखवते. टेबलावर बाटली ठेवायची, बूच उघडायचं, कापसाच्या बोळ्यावर चार थेंब टाकायचे आणि सांगायचं, हा पेपरमिंटचा अर्क आहे, वास आला की हात वर करा. पहिल्या बाकावरचे हात आधी वर होतात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. अगदी शहाण्यासारखे ओळीने. शेवटच्या बाकावरची दोनचार मुलं तेवढी तशीच बसून राहतात. बाटलीत साधं नळाचं पाणी असतं. त्या दिवशी हात वर येताना मी पाहत होते आणि मला ते खांदे आठवले. आधी मधल्या रांगेत, मग डावीकडे, मग सगळीकडे.

कुंदनला फोन लावला. धुळ्यात दुपारचा खेळ ठरला होता.

"तो जेवणाचा प्रसंग मी कापतोय, ताई," तो म्हणाला. आवाज पडलेला होता. "मी तो माझ्या आजोबांवरून लिहिला होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यापेक्षा लोटनची म्हैस वाढवतो."

"कापू नकोस. पिक्चरमध्ये काहीच बदलू नकोस. फलक काढ आणि त्या निवेदकाला घरी बसव. खेळाआधी कुणी एक शब्द बोलायचा नाही."

"एवढ्यानं काय होणार?"

"माहीत नाही. म्हणूनच एवढंच बदलायचं."

"लोकांना अहिराणी ऐकली की हसूच येतं, ताई. आम्हीच सवय लावली ना त्यांना."

हे मात्र मला सुचलं नव्हतं. घरी माणसं याच बोलीत रडतात, भांडतात, तेराव्याचा स्वयंपाक ठरवतात. पडद्यावर तीच बोली आली की त्यांना वाटतं, आता गंमत होणार. मी कुंदनला म्हटलं, तरी करून बघू. मनात मात्र शंका घेऊनच फोन ठेवला.

आबा धुळ्याला यायला तयार नव्हते. त्यांना आणलं अक्काने. तिला काही ठाऊक नव्हतं, तिला फक्त पुन्हा हसायचं होतं. "आखो एकडाव दखसूत," ती म्हणाली. "हासी हासी पोट दुखनं व्हतं मनं." अक्काला नाही म्हणणं आबांना जमत नाही. आमची अडचण तीच होती आणि त्या दिवशी उपयोगी पडली तीही तीच.

सभागृहाच्या दारात रत्नाबाई उभ्या होत्या. दारात गर्दी तुंबली होती आणि त्या सवयीने म्हणत होत्या, "चला, पुढे सरका. मागे जागा आहे. दारात लटकू नका." आबांना पाहिल्यावर थांबल्या.

"डोळे कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत," आबा म्हणाले.

"दिसतंय ना सगळं?"

आबा खाली बघत आत गेले. अक्काने मला विचारलं, "हाई तीच ना, पिक्चरमधली?" मी म्हटलं, हो. अक्का वळून वळून बघत राहिली.

मी पुन्हा शेवटची रांग धरली. फलक नव्हता, निवेदक नव्हता. दिवे मालवायच्या आधी मात्र लोटन मंचावर चढला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुंदन बाजूने हात हलवून त्याला खाली बोलावत होता. मला वाटलं, संपलं सगळं. त्याला पाहूनच पहिल्या दोन रांगा हसायला लागल्या. त्याच्या अंगात साधा शर्ट होता, मिशी लावलेली नव्हती.

"रामराम मंडळी," तो म्हणाला. "माले दखीसन तुम्ही हासतस, त्यावर मनं घर चालस. आजबी हासा, मनी म्हैस उनी की हासा. पन हाऊ पिक्चर म्हशीना नही. मनी माय गयी, मंग मना बाप एकलाच जेवे. बस, इतलंच सांगनं व्हतं."

आणि उतरला. हसावं की नाही हे न कळून काही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझा प्रयोग बिघडला होता. काहीही न सांगता काय होतं ते मला पाहायचं होतं. लोटनने पाण्याच्या बाटलीवर दुसरी चिठ्ठी चिकटवली. पण खरं सांगायचं तर मला तेव्हा निष्कर्षाची पर्वा राहिली नव्हती. मी आबांची टोपी शोधत होते. ती डोक्यावर होती.

म्हैस आली, लोक हसले. जळगावइतकेच. मग झोपडी, कंदील, भाकरी.

"एकला मानूसनं जेवन लवकर व्हई जास."

मी खांदे पाहिले. कुणाचेच हलले नाहीत. खोकणारा एक माणूस खोकायचा थांबला. उजवीकडे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, डोळ्याला पदर लावताना वाजतात तशा. रत्नाबाईंनी दुसरं ताट मांडलं तेव्हा मात्र हसू आलं, पण ते वेगळं होतं. बाळाने पहिलं पाऊल टाकल्यावर घरातले हसतात ना, तसं काहीसं. तेव्हा कळलं की मी खुर्चीचा हात घट्ट पकडून बसले होते.

उजेड झाल्यावर अक्का जागची उठेना. मी जवळ गेले.

"ज्योत्स्ना, हाईच व्हतं का मांगला डावले?"

"हेच होतं. एक शब्दही बदललेला नाही."

"मंग मी हासनू काबर?"

"तुम्ही हसायलाच आला होतात, अक्का."

तिला ते पटलं की नाही, कोण जाणे. तिने आबांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, जणू दोन्हीकडचा माणूस एकच आहे का ते तपासत होती.

रत्नाबाईंचं घर देवपूरला. त्यांनी सगळ्यांना जेवायलाच थांबवलं. नको, उशीर होईल, असं आबा म्हणत असताना त्या म्हणाल्या, "मधे कुणी उतरायचं नाही, गाडी आता थेट आहे," आणि अक्का पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसली. स्वयंपाकघरात चार ताटं आधीच काढून ठेवलेली होती. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, तुपाची वाटी. मला त्या ताटांकडे बघवेना. चार म्हणजे त्यांना खात्री होती असं नव्हे, त्यांनी नुसती तयारी केली होती. माळ्यावरून काढलेली एक मोठी बॅगही दाराजवळ होती.

अक्काने ती पाहिली. "कथा जाई राहिनात?"

"नाशिकला. मुलाकडे. दिवाळी झाली की."

"कायमच्या?"

"इथं थांबवणारं कुणी नाही," रत्नाबाई म्हणाल्या आणि आबांच्या बट्टीवर तूप सोडलं. वाटी पुरती रिकामी झाली तरी त्यांनी ती तशीच धरून ठेवली.

आबा जेवत होते. एक घास, मग थांबायचं, मग पाणी, मग पुन्हा एक घास. अक्काचं झालं, माझं झालं. रत्नाबाई त्यांच्यासाठी ताटावर बसून राहिल्या होत्या, बट्टीचा चुरा बोटाने एकत्र करत. खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज येत होते. आबांच्या ताटात अजून अर्धी बट्टी होती.

अक्का त्यांच्याकडे बघत होती. तिला थट्टा करायची होती, पण आवाज थट्टेचा निघाला नाही.

"पितांबर," ती म्हणाली, "आज तुनं जेवन लवकर व्हस नही का रे?"

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. बहिणीकडे सरळ पाहिलं.

"नही, अक्का," ते म्हणाले. "माले रत्नाबाईसंगे लगीन करनं शे."