टाचलेली चटई

ओताराच्या शाळेच्या सभागृहात शिरताच फुआतिनोच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. रंगमंचामागच्या फळीवर तिच्या आईने विणलेली चटई स्टेपलरने ठोकली होती. चारही कोपऱ्यांत, शिवाय खालच्या लाल पिसांच्या किनारीतूनही. वर रंगीत कागदाची अक्षरं होती : आपला वारसा, आपला अभिमान.

मायदेशी, सवाई बेटावरच्या घरात आई ती नऊ वर्षं विणत होती. वीण इतकी बारीक, की चटई कापडासारखी हातातून ओघळायची. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मयताला फुआतिनोने ती चर्चला दिली. दिलेली चटई परत मागणं म्हणजे घराण्याच्या तोंडाला काळं फासणं. मागायची सोय नव्हती, म्हणूनच ती अधिक पेटली.

कार्यक्रम तिचा भाचा पेनितोआ बघत होता. चर्चच्या पेटीतून चटई त्यानेच आणली होती. तिने त्याला गाठलं. हातातल्या कागदावरून नजर न उचलता तो म्हणाला, की भिंत ओकीबोकी दिसत होती, पाहुणे यायचेत, नंतर अलगद काढू.

"आत्या, पेटीत कुजण्यापेक्षा लोकांना दिसू दे की."

"मला तिथे तुझी आजी दिसतेय," ती म्हणाली. "टाचून ठेवलेली."

तो हसला आणि तिसऱ्या रांगेतली खुर्ची दाखवून निघून गेला.

ती बसली. मुलींचा नाच झाला, टाळ्या झाल्या. टाळ्या विरल्या तशी ती उठली आणि आहेराची चटई उलगडून दाखवताना बायका देतात ती आरोळी तिने छातीच्या तळापासून दिली. "साओ!"

ती आरोळी ऐकून गप्प बसायचं नसतं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी साथ दिली, मग सगळ्या बायकांनी. आता चटई शोभेची वस्तू राहिली नव्हती. तो आहेर झाला होता, आणि आहेर रीतीने घ्यावा लागतो. समाजाच्या वतीने बोलणारे वृद्ध माआलोना काठी टेकत उभे राहिले.

"कुणाकडून आलीय ही?"

पेनितोआने हातातला माईक आत्याकडे वळवला.

"ज्याने ठोकली त्याला विचारा," फुआतिनो म्हणाली.

माआलोनांनी त्याला चटई उतरवायला सांगितलं. नखांनी, सुरी न लावता. सगळ्या पाहुण्यांसमोर गुडघ्यांवर बसून तो एकेक पिन उपसू लागला. मध्येच त्याने आत्याकडे पाहिलं. ती जागची हलली नाही.

घडी घातलेली चटई आहेर म्हणून खाली बसलेल्या माआलोनांच्या मांडीवर गेली. फुआतिनोने तिकडे बघितलंही नाही. ती फळीकडे बघत होती. तिथे एका पिनेखाली एक लाल पीस अडकून राहिलं होतं.