बुचाचा ओलावा

“आई, आता तुला वाईन काय आणि पाणी काय, सारखंच ना? मग ती खालची बाटली काढू का संध्याकाळी? साहेब येतायत जेवायला.”

मुलाने हे प्रेमानेच विचारलं, म्हणून सिस्टरना जास्त राग आला. नर्सची नोकरी संपली तरी सारी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. गेल्या वर्षीच्या तापात त्यांची चव आणि वास दोन्ही गेले, ते परत आलेच नाहीत. “येईल हळूहळू,” म्हणून डॉक्टर मोकळे झाले होते.

सिस्टर वाईनच्या छोट्या फ्रीजसमोर मांडी घालून बसल्या होत्या. आतल्या वाटीतला स्पंज सुकत आला होता आणि ओलावा दाखवणारा काटा खाली सरकला होता. वॉर्डात ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी बघायच्या, तसाच त्या रोज हा काटा बघायच्या. आतली हवा कोरडी पडली की बूच आक्रसतं, बाहेरची हवा बाटलीत शिरते आणि वाईन वाया जाते. पाणी जास्त झालं, तर लेबलांना बुरशी. फ्रीज त्यांनी निवृत्त होताना स्वतःसाठी घेतला होता. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं पुसली, आता आपल्या जिभेचे थोडे लाड करावेत, एवढीच हौस. खालची बाटली साठीला उघडायची म्हणून राखलेली. साठी तापातच गेली.

“ती काढायची नाही.”

“अहो आई, नुसती ठेवून काय करणार?” सुनेने विचारलं.

“चव गेलीय. मी नाही गेले.”

संध्याकाळी साहेब आणि त्यांची बायको जेवायला बसले, तर बाटली टेबलावर हजर. मुलगा आईची नजर चुकवत बूच काढायचा स्क्रू शोधत होता. सिस्टरनी बाटली सरळ उचलली.

“साहेब, तुमच्यासाठी वरच्या कप्प्यातली आणते, चांगली आहे. ही माझी.”

मुलाचा चेहरा पडला. “आई, लोकांसमोर काय हे?”

“लोकांसमोर तूच आणलीस.”

स्क्रू त्यांनी स्वतः फिरवला. मनात धाकधूक होती. बुचाचा भुगा झाला असता, तर चारचौघांत हसं झालं असतं. पण बूच अखंड निघालं, खालून ओलं, बोटाला मऊ. एवढं तरी त्यांना कळत होतं. त्यांनी आपला ग्लास भरला आणि सगळ्यांच्या देखत घोट घेतला.

“कशी आहे, काकू?” साहेबांच्या बायकोने विचारलं.

सिस्टरनी घोट तोंडात घोळवला. गार आणि ओलं, बाकी काही नाही.

“कळत नाही,” त्या म्हणाल्या आणि दुसरा घोट घेतला. “कळेल तेव्हा सांगेन.”

मग वरची बाटली आणायला त्या फ्रीजपाशी गेल्या. हातातलं बूच त्यांनी खालच्या रिकाम्या जागी ठेवलं, वाटीत पाणी घातलं आणि दार नीट लावलं.